सज्जा बंद राहील

"शुक्रवारी तू वर बसू नकोस हं. खाली बस," असं नवरा म्हणाला तेव्हा ती डब्याला झाकण लावत होती. झाकण नेहमीसारखं एका बाजूने बसत नव्हतं. "का?" असं तिने विचारलं तेही झाकणाकडेच बघत. तो टॉवेलला हात पुसत होता, एकेक बोट वेगळं करून. सिमेंटच्या कामात उमर गेलेल्या माणसाला बोटांच्या बेचक्यांचा भरवसा नसतो. "वर पंखे नीट नाहीत," तो म्हणाला, बूट चढवले आणि निघून गेला. झाकण बसलं. ती जिना उतरली, कोपऱ्यावरच्या दुकानातून पेनाची रिफिल घेतली, रस्ता ओलांडला, विद्यापीठाच्या फाटकातून आत शिरली आणि सायकलींच्या रांगेपाशी तिचा पाय अडला. शुक्रवारचा कार्यक्रम सभागृहात होता आणि तिथे पंखेच नव्हते. 'नूतनीकृत सभागृह संपूर्ण वातानुकूलित' हे तिने स्वतः मागच्या बुधवारी छापलं होतं, ठळक टायपात. पंखे काढून भंगारात दिले त्याला चार महिने झाले. मग हा कुठल्या पंख्यांबद्दल बोलत होता? पंचवीस वर्षांच्या संसारात तो तिच्याशी फारसं बोलला नसेल, पण खोटं बोलला नव्हता. निदान इतकं गबाळं खोटं तरी नाही.

विद्यापीठाचं वार्तापत्र दर बुधवारी निघायचं आणि गेली चौदा वर्षं ते ती काढत होती. चार पानं. पहिल्यावर मान्यवर, दुसऱ्यावर विभागांच्या बातम्या, तिसऱ्यावर आगामी कार्यक्रम, चौथ्यावर उरलंसुरलं. तिची खोली परीक्षा विभागाच्या मागे होती, पूर्वी तिथे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवत, आणि अजूनही दमट दिवसांत भिंतींना शाईचा वास सुटायचा. खोलीत दुसरं माणूस एकच, संगणकावर पानं लावणारा. त्याला सगळे स्वल्पविराम म्हणायचे, कारण तो ते खायचा. वार्तापत्र कुणी वाचत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. ग्रंथालयात विसरलेल्या सव्वीस छत्र्या घेऊन जाव्यात ही सूचना त्यांनी चार वेळा छापली होती आणि छत्र्या सव्वीसच्या अठ्ठावीस झाल्या होत्या. एरवी ती हे हसून सांगायची. आज मंगळवार, चारला पानं छपाईला जायची, आणि टेबलावर आठवड्याचा ढीग पडला होता: रक्तदान शिबिर, बुद्धिबळ स्पर्धा, प्राणिशास्त्र विभागाचं फुलपाखरांचं प्रदर्शन, छत्र्या पाचव्यांदा. आणि सगळ्यांच्या वर कुलसचिवांच्या सहीचा कागद. विद्यापीठाचा पन्नासावा वर्धापन दिन, शुक्रवार, दुपारी चार वाजता, नूतनीकृत सभागृहाचं उद्घाटन, प्रमुख पाहुण्यांचं व्याख्यान. शेवटची ओळ: सज्जा (बाल्कनी) विद्यार्थ्यांसाठी राखीव, जागा दोनशे चाळीस. ही ओळ तिने तीनदा वाचली. नवरा विद्यापीठाच्याच बांधकाम विभागात पर्यवेक्षक होता आणि सभागृहाचं काम गेले आठ महिने त्याच्याच नजरेखाली चाललं होतं.

साडेअकराला लेकीचा फोन आला. लेक याच विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होती. "आई, बाबांना काय झालंय गं? शुक्रवारी चारला त्यांनी माझी दातांच्या डॉक्टरची वेळ घेतलीय. मला न विचारता! माझा दात दुखतोय असं मी कधी म्हटलं? मी अख्ख्या वर्गाचे बाल्कनीचे पास आणलेत, रांगेत उभं राहून, पहिल्या दोन रांगा. तूच सांग त्यांना." ती म्हणाली, "सांगते." लेक म्हणाली, "नुसतं सांगते नको, आत्ता सांग." फोन ठेवल्यावर तिला आपल्याच जिभेचं टोक दातांना लागतंय असं वाटत राहिलं. म्हणजे बायको खाली आणि पोरगी डॉक्टरकडे. घरातली दोन माणसं त्याने अशी हळूच उचलून बाजूला ठेवली होती, पाणी शिरणार असं कळल्यावर माणूस कपाटातली कागदपत्रं वरच्या फळीवर ठेवतो तशी. आणि बाकीचे दोनशे एकोणचाळीस? स्वल्पविराम म्हणाला, "मॅडम, फुलपाखरांना फोटो एक की दोन?" ती म्हणाली, "दोन." त्याने मान वर करून पाहिलं, एरवी ती एकाच्या वर कधी जात नसे.

तिने व्हरांड्यात जाऊन नवऱ्याला फोन लावला. पलीकडे ड्रिलचा आवाज होता. "पंखे कुठे आहेत हो तिथे?" तिने विचारलं. ड्रिल थांबलं. त्याने हात करून थांबवलं असावं. "फोनवर नको," तो म्हणाला. "हो की नाही एवढंच सांगा." तो कुठेतरी आडोशाला गेल्याची पावलं ऐकू आली. मग तो नेहमीच्या, हिशेबी आवाजात बोलू लागला. बाल्कनीखालचा मधला खांब काढला, खालच्यांना रंगमंच दिसावा म्हणून. त्याजागी लोखंडी तुळई घातली. वर नव्या पायऱ्या ओतल्या, नव्या खुर्च्या बसवल्या, त्याचं वजन वेगळं. वजन ठेवून चाचणी घ्यायची होती, पण तारीख जवळ आली, चाचणीला चार दिवस लागतात, ती नंतर घेऊ असं ठरलं. "म्हणजे पडेल असं नाही," तो म्हणाला. "बहुतेक नाहीच पडणार. चाचणी झालेली नाही, एवढंच." ती म्हणाली, "हे तुम्ही कुणाला सांगितलंत?" तो म्हणाला, "तोंडी सांगितलंय." "कुणाला?" पुन्हा ड्रिल सुरू झालं, मग थांबलं. "तुला," तो म्हणाला.

ती खोलीत येऊन बसली. समोर रक्तदान शिबिराचा मजकूर होता, त्यात 'रक्तदात्यांनी' हा शब्द तिला दोनदा चुकल्यासारखा वाटला, तो तिने दुरुस्त केला, मग दुरुस्ती खोडली, कारण मुळात तो बरोबरच होता. बहुतेक नाही. या एका शब्दावर तो कितीतरी दिवस जेवला, झोपला, दाढी केली. रविवारी त्याने बागेतल्या नळाचा वायसर बदलला, तेव्हाही त्याच्या डोक्यात ते बहुतेक असणार. आणि तिला काही दिसलं नाही. तिला वाटायचं, शांत माणूस मिळाला. मैत्रिणींचे नवरे तावातावाने बोलत, साहेबांना शिव्या घालत, रक्तदाबाच्या गोळ्या घेत. ती अभिमानाने म्हणायची, आमच्याकडे तसलं काही नाही, ऑफिस उंबऱ्याबाहेर. पण तो जन्माचा शांत नव्हता. लग्न झालं तेव्हा तो तडतड्या होता. मुलींच्या वसतिगृहाचा स्लॅब ओतायच्या दिवशी त्याने वाळू मुठीत घेतली, पाण्यात टाकली, पाणी गढूळ झालं, म्हणजे वाळूत माती होती, आणि त्याने पन्नास माणसांचं काम जागच्या जागी बंद केलं. संध्याकाळी घरी येऊन तिला ती वाळू दाखवली होती, रुमालात बांधून आणलेली, एखादी मौल्यवान वस्तू दाखवावी तशी. आठवड्यात त्याची बदली झाली, चार तासांवरच्या उपकेंद्रात, जिथे बांधायला काहीही नव्हतं आणि मोजायला कुंपणाचे खांब होते.

त्या गावातली ती खोली. पत्र्याचं छप्पर, दुपारी दोन वाजता भिंतीला पाठ टेकवत नसे. लेक पाच महिन्यांची, अंगावर पुरळ, ताप, आणि डॉक्टर आठवड्यातून दोनदा येणारा. बदलीने तो मोडला, असं ती इतकी वर्षं समजत आली होती. लोकांनाही तसंच सांगायची, त्या बदलीनंतर हे गप्पच झाले. आज मात्र, चौथ्या पानावरच्या छत्र्यांकडे बघता बघता, त्या खोलीतली एक दुपार जशीच्या तशी समोर आली. लेक रडून रडून निळी पडली होती, तिला खांद्यावर टाकून ती दारात उभी होती आणि तो कुंपण मोजून आला होता, तेव्हाही सांगत होता की खांब ठरल्यापेक्षा आखूड आहेत, उद्या कळवायला पाहिजे. आणि ती म्हणाली होती, ओरडून नव्हे, अगदी हळू, कारण ओरडायला अंगात बळ नव्हतं: "साऱ्या जगाचा मक्ता तुम्ही एकट्यानेच घेतलाय का? यापुढे मान खाली घालून काम करा. मला शपथ घालायला लावू नका." तो दारात उभा राहिला. बरं, म्हणाला. पोरीला तिच्याकडून घेतलं आणि बाहेर सावलीत फिरवू लागला. एवढंच. त्यानंतर दोन वर्षांनी ते परत आले, चांगलं घर मिळालं, लेक चांगल्या शाळेत गेली, सगळं मार्गी लागलं. त्याने ते 'बरं' एकोणीस वर्षं पाळलं होतं. ती मात्र विसरून गेली होती. असलं काही आपण बोललो, हेच विसरून गेली होती.

तीन वाजता तिने कुलसचिवांना फोन केला. सरळ मार्गाने जे होईल ते करून बघावं, असं तिच्या मनाने घेतलं. कुलसचिव गोड बोलायचे; त्यांचा नकारही पहिल्यांदा होकारासारखाच ऐकू यायचा. "बोला, बोला. अंक तयार?" ती म्हणाली, "साहेब, बाल्कनीबद्दल विचारायचं होतं. तिची चाचणी..." पलीकडे कप बशीवर ठेवल्याचा आवाज झाला. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" नवऱ्याचं नाव तिच्या ओठांपर्यंत आलं आणि तिने ते गिळलं, गोळीसारखं, पाण्याशिवाय. "असंच, कानावर आलं." ते हसले. "बाई, चौदा वर्षं वार्तापत्र काढताय. कानावर आलेलं आपण छापतो का कधी? तुम्ही छापा. बांधायचं बघणारी माणसं वेगळी आहेत, आणि घरातच आहेत तुमच्या, मी काय सांगू! मी पाहुण्यांना आणायला परगावी निघालोय, शुक्रवारी दुपारी भेटू." फोन बंद झाला. तिच्या लक्षात आलं की आपण उठून उभे राहिलो आहोत.

चारला दहा मिनिटं कमी असताना तिने तिसरं पान पडद्यावर घ्यायला सांगितलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "ही काढ. लिही: तांत्रिक कारणास्तव सभागृहाचा सज्जा या कार्यक्रमासाठी बंद राहील. सज्ज्याची प्रवेशपत्रे असलेल्या विद्यार्थ्यांसाठी प्रांगणात पडद्यावर थेट प्रक्षेपणाची सोय करण्यात आली आहे." तांत्रिक कारणास्तव. या दोन शब्दांवर तिने चौदा वर्षं काढली होती. वीज गेली, परीक्षा पुढे गेली, पाहुणे रुसले, प्राध्यापकांचं भांडण झालं, सगळं तांत्रिक कारणास्तव. आज पहिल्यांदाच ते कारण खरोखर तांत्रिक होतं. स्वल्पविरामाने टाइप केलं आणि थांबला. "मॅडम, पडदा लावायला सांगितलंय कुणी?" "मी सांगणार आहे, आत्ता, दृक्श्राव्यवाल्यांना." "आणि हे बंद राहील?" "तेही मीच सांगतेय." तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "माझा भाचा आहे त्या पासवाल्यांत." मग त्याने आपणहून ती सूचना उचलून पहिल्या पानावर नेली, चौकटीत टाकली आणि अक्षर दोन घरं मोठं केलं.

बुधवारी अंक निघाला आणि ती दिवसभर लोकांच्या हातांकडे बघत राहिली. उपाहारगृहात एकाने त्यावर बशी ठेवली होती. जिन्याखाली एक मुलगी पानाची घडी करून वारा घेत होती. कुणीच वाचत नाही, हे इतकी वर्षं विनोदासारखं सांगितलेलं वाक्य आता छातीत काट्यासारखं सलत होतं. पण लोक बातमी वाचत नसले तरी बंद हा शब्द वाचतात. संध्याकाळपर्यंत लेकीचे चार फोन झाले, वर्गात बोंबाबोंब आहे, दोन तास रांगेत उभं राहून काय मिळालं, पडदा! ती ऐकत होती आणि लेकीच्या रागावलेल्या आवाजाने तिच्या जिवाला इतकं बरं वाटत होतं की फोन ठेवूच नये. नवरा घरी आला तेव्हा त्याच्या खिशात वार्तापत्राची घडी होती. पहिल्या पानावरच्या चौकटीचा कोपरा वर डोकावत होता. तो जेवला, ताट उचललं, ओट्याशी उभा राहून पाणी प्याला. गुरुवारीही तेच. दोघं एकमेकांना मीठ, वर्तमानपत्र, किल्ल्या देत राहिले, घरात कुणी आजारी असावं तशा हलक्या हातांनी.

शुक्रवारी साडेतीनला ती सभागृहात शिरली तेव्हा नव्या रंगाचा आणि नव्या गालिच्याचा वास डोक्यात चढला. खाली एकही खुर्ची रिकामी नव्हती. वर सज्ज्यात लाल खुर्च्यांच्या रांगाच रांगा, आणि माणूस एकही नाही. प्रांगणात पडदा लागला होता, पण उन्हात त्यावर काही दिसत नव्हतं, आणि मुलं उठून आत आली होती. सज्ज्याच्या जिन्यावर, खालपासून वरच्या बंद दारापर्यंत, खांद्याला खांदा लावून उभी होती. कुणीतरी दारावर थाप मारली, मग सगळेच ताल धरून मारू लागले. ती प्रत्येक थाप तिला पाठीच्या कण्यात लागत होती. बाजूच्या दरवाजाने कुलसचिव आले, नव्या कोटात, पाहुण्यांच्या गाडीच्या दोन मिनिटं पुढे. त्यांनी वर पाहिलं, जिन्याकडे पाहिलं. "वर रिकामं का?" व्यवस्थेतल्या कुणीतरी त्यांच्या हातात वार्तापत्र दिलं. त्यांनी ते वाचलं, घडी घातली आणि गर्दीत तिला शोधून काढलं. ओठांवरचं हसू होतं तसंच होतं. "बाई, हे आपण नंतर बोलू," ते म्हणाले. "किल्ली कुणाकडे आहे?"

किल्ली नवऱ्याकडे होती. तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर, कठड्याला टेकून उभा होता. तिला तो आत्ता दिसला. कुलसचिव त्याच्यापाशी गेले. "उघडा." मुलं एकदम गप्प झाली, ऐकायला. ती पुढे सरकली, दोन खुर्च्यांमध्ये तिची साडी अडकली. नवऱ्याने खिशात हात घातला. तिला वाटलं, किल्ली. त्याने पेन काढलं. "उघडतो, साहेब," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "लेखी द्या. 'चाचणी झाली नसताना सज्जा उघडण्यात यावा.' एवढं एक वाक्य, खाली सही. याच अंकाच्या मागे लिहिलं तरी चालेल." त्याने पेनाचं टोपण काढून पेन पुढे धरलं. कुलसचिवांनी पेनाकडे पाहिलं. जिन्यावरच्या अगदी वरच्या मुलाने दारावरचा हात काढून घेतला, तेवढी एक हालचाल झाली. बाहेर गाडीचं दार वाजलं. "तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय करताय?" कुलसचिव हळूच म्हणाले. "हो," नवरा म्हणाला. ते वळले आणि पाहुण्यांना सामोरे गेले. मुलं एकेक करून जिना उतरू लागली. भिंतीकडेला, दारांत, मधल्या वाटेत जिथे जागा मिळेल तिथे उभी राहिली. त्यांच्यात तिची लेकही होती, डॉक्टरकडे न गेलेली. बापाजवळून जाताना तिने एक क्षण त्याच्या दंडाला हात लावला आणि पुढे गेली.

व्याख्यान तिने ऐकलं नाही. ती वर बघत राहिली. प्रत्येक टाळ्यांच्या कडकडाटात तिला वाटे, आता तुळईतून आवाज येईल, बारीक, हाडासारखा. आणि लगेच वाटे, येणार नाही, काही होणार नाही, आपण दोनशे चाळीस पोरांना उगाच उन्हात बसवलं. यातलं कुठलं वाटणं जास्त भयंकर, ते तिला ठरवता येईना. महिन्याभराने चाचणी झाली. वाळूची पोती रचली, एक दिवस ठेवली, काढली; उजवीकडचा कोपरा जितका खाली गेला तितका परत वर आला नाही. फरक नखाएवढा, पण चाचणीच्या नियमात न बसणारा. त्या शुक्रवारी तो टिकला असता की नसता, हे त्यानंतरही कुणी छातीठोकपणे सांगू शकलं नाही. 'सुशोभीकरणासाठी सज्जा सहा महिने बंद' अशी बातमी कुलसचिवांच्या सहीने आली, पण ती छापायला ती तिथे नव्हती. तिला जुन्या नोंदींच्या तळघरात पाठवलं होतं आणि वार्तापत्र स्वल्पविराम काढत होता. नवऱ्याची चौकशी वर्षभर चालली आणि आपोआप थंडावली. पण हे सगळं मागाहून. त्या दुपारी कुणालाच काही माहीत नव्हतं.

कार्यक्रम संपला, सभागृह रिकामं झालं. झाडणारे खालच्या रांगांतून पाण्याच्या बाटल्या गोळा करू लागले. ती जिना चढून वर गेली तेव्हा दार उघडं होतं आणि तो सज्ज्यात पुढच्या रांगेत एकटा बसला होता. ती उंबऱ्यावरच थांबली. "ये," तो मागे न वळता म्हणाला. "दोघांना काही होत नाही." ती भिंतीला धरून, एकेक पायरी पावलाने चाचपत खाली आली आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीच्या काठावर बसली. खाली रंगमंचावरची फुलं कुणीतरी उचलून नेत होतं. "मी पत्र लिहिलं होतं," तो म्हणाला. "महिन्यापूर्वी. टाइप करून, तारीख घालून. खणात आहे." ती म्हणाली, "का दिलं नाहीत?" असं विचारताना तिला उत्तर माहीत होतं, आणि ते त्याने द्यावं, मोठ्याने द्यावं, आपल्या तोंडावर मारावं असं तिला वाटत होतं. तो पेनाचं टोपण लावत राहिला. ती म्हणाली, "मीच बोलले होते. त्या पत्र्याच्या खोलीत." तो म्हणाला, "पोरगी आजारी होती तेव्हा." तिच्या बाजूने दिलेली ती साक्ष तिला सोसवेना, तिने खुर्चीचा नवा, गार हात घट्ट धरला आणि तिच्या लक्षात आलं की आपण आता काठावर नाही, पूर्ण वजन टाकून, पाठ टेकून बसलो आहोत.

खालून झाडणाऱ्यांपैकी एकाने हाक मारली, साहेब, दिवे घालवू का? "पाच मिनिटं," तो म्हणाला. मग तिच्याकडे न बघता, उद्याच्या कामाची यादी सांगावी तसं म्हणाला, "सोमवारी मला बोलावणं येईल."

"आपल्याला," ती म्हणाली.